गिताबाईनं धरलेली दुसरी वाट

गिताबाईच्या चालण्याचं वडगाव रासाईत नाव होतं. लहानपणी ती आईबापाबरोबर मेंढरं हाकत दर साली घाट उतरून कोकणात जायची, आणि दिली तीही मेंढरंवाल्याच घरात. पुढं मेंढरं विकली, भीमेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पण हिची चाल काही बदलली नाही. बरोबर निघालेल्या बाया बाजारात पोचायच्या तेव्हा ही पिशवी भरून परतीला लागलेली असायची.

या एकाच गोष्टीत धाकटी जाऊ अनिता तिच्या मागं होती. बाकी सगळ्यात पुढं. अनिता बारावी शिकलेली, अंगणवाडीत पोरांना शिकवणारी. ती घरात आली आणि वर्षभरात सासूच्या, साखरबाईच्या, तोंडी ‘अनिताला इचारा’ एवढंच राहिलं. साखरबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात अनिता, रेशनकार्डाला तलाठ्याकडं अनिता, सत्यनारायणाला काय काय आणायचं तेही अनितालाच ठाऊक. गिताबाई तोंडानं चकार शब्द काढायची नाही. देवापुढं सांजवात लावून हात जोडले की मात्र ती जरा जास्त वेळ उभी राहायची, आणि त्या वेळात अनिताबद्दल जे मागायची त्याची तिला स्वतःलाच लाज वाटायची.

दोन हजार एकच्या नवरात्रात साखरबाईनं जुना नवस काढला. तरुणपणी अकोले तालुक्यात मेंढरं चरायला नेली असताना कळपात रोग शिरला होता, तेव्हा तिनं कळसूबाईच्या डोंगराकडं तोंड करून पदर पसरला होता. मेंढरं वाचली आणि नवस राहून गेला. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून दोघी सुनांनी वर जाऊन ओटी भरायची ठरलं. भरेपर्यंत उपास. थोरली सून म्हणून ओटी आपल्याच हातानं भरायची, हे गिताबाई धरूनच चालली होती.

जीप करून सगळे पहाटेच बारी गावाला पोचले. डोंगराच्या पायथ्याला साखरबाईनं पिशवी सोडली. हिरवी साडी आणि खण अनिताच्या हातात दिला. नारळ आणि हळदकुंकवाची पुडी गिताबाईकडं आली.

“साडी माझ्याकडं द्या की, आत्या,” गिताबाई म्हणाली.

“नगं. तुला पळायची लय घाई. कुठंतरी काट्यात फाडशील.”

गिताबाईचा नवरा म्हाळू जीपला टेकून उभा होता, तो हसला. जिचा आजवर अभिमान वाटला तीच चाल अशी तोंडावर मारली गेली. गिताबाईनं नारळ ओच्यात खोचला आणि चालायला लागली.

पहिल्या चढावर अनिता धापा टाकत गप्पा मारत होती. सगळा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा आहे म्हणे, एक थर वाळला की त्यावर दुसरा. “बघा आक्का, भाकरीवर भाकरी ठेवल्यावानी हाय. थराची कड उभी, म्हणून तर शिड्या लावल्यात.” हेही हिला ठाऊक, असं गिताबाईच्या मनात आलं.

पहिल्या शिडीला माणसांची रांग लागली होती. डाव्या अंगाला एक पायवाट कड्याच्या पोटाशी वळत होती, तिच्यावर शेळ्यांच्या ताज्या लेंड्या पडलेल्या. गिताबाई थांबली. कळप जिथून जातो तिथं पाय घसरत नाही, हे तिला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. कोकणात उतरताना, घाट चढताना, त्या लेंड्यांनी तिला कधी फसवलं नव्हतं.

“ह्या वाटंनं रांग न्हाई. मी होते फुडं.”

“आक्का, शिड्यांनीच जाऊ. समदे तिकडूनच चाललेत.”

“तू जा शिड्यांनी. मला डोंगर शिकवू नको.”

अनिता वर पोचेल तेव्हा आपण देवीपुढं जाऊन बसलेलं असायचं, नारळ आपल्याकडं आहे, मग साडी तिनं आपल्याच हातात दिली पाहिजे. हे चित्र डोळ्यापुढं ठेवून गिताबाई झपाझप निघाली.

वाट झकास होती. अर्धा तास, एक तास, पाय कुठं अडला नाही. पण चढही लागेना. कडा उजव्या हाताला तसाच उभा, आणि वाट त्याच्या कडेकडेनं सपाट सपाट डोंगराला वळसा घालत चाललेली. शेवटी एका ओहळापाशी दहाबारा शेळ्या पाणी पीत होत्या आणि वाट तिथंच संपली. शेळ्या पाण्यावर आल्या होत्या. देवीकडं त्यांचं काही काम नव्हतं. मेंढरांमागं जन्म काढलेल्या बाईनं एवढं विसरावं, याचा तिला असा राग आला की तिथंच मटकन बसली. तिला परका डोंगर नव्हता चढायचा, तिला अनिताच्या पुढं जायचं होतं.

ती आल्या वाटेनं परतली आणि शिड्या चढली. वर पोचायला दुपार टळली. मनात एकच हिशोब चालला होता: वर दुकानात नारळ मिळतोच, अनितानं ओटी भरून टाकली असणार. म्हणजे खाली जाऊन सासूला सांगता येईल की हिनं थोरलीची वाट बघितली नाही. निदान तेवढं तरी.

देवळाच्या भिंतीच्या सावलीला अनिता बसलेली. मांडीवर साडी, ओठ सुकलेले. रांगेत भेटलेल्या बायकांनी नारळ घेऊन दिला होता, तो तिनं परत केला होता.

“आत्यांनी घरनं आणल्याला नारळ तुमच्याकडं हाय. त्याच्याबिगर कशी भरू? चला, तुम्ही भरा.”

गिताबाईनं ओटी भरली. जे हवं होतं ते हातात आलं, आणि गोड लागलं नाही. देवीला हळदकुंकू लावताना तिला वाटलं, हिनं भरून टाकली असती तर बरं झालं असतं. थांबण्यातही हीच पुढं गेली.

उतरताना अनिता म्हणाली, खाली विचारलं तर दोघी बरोबरच होतो असं सांगू. रांगेत उशीर झाला म्हणू.

साखरबाईनं विचारलंच. “एवढा उशीर? कुणी भरली ओटी?”

“आक्कांनी,” अनिता म्हणाली. “रांग लय—”

“रांग न्हाई न् काय न्हाई,” गिताबाई मधेच बोलली. “मी शेळ्यांच्या वाटंनं गेले, चुकले. ही उपाशी वर बसून राहिली माझ्यासाठी.”

म्हाळू हसला नाही. साखरबाईनं राजगिऱ्याचा लाडू आधी थोरलीला दिला.

गिताबाई खरं बोलली, ते भलेपणानं नव्हे. अनिताचं एवढं उपकाराचं ओझं घेऊन वडगावपर्यंत त्या जीपमध्ये बसायला तिला जमलं नसतं, म्हणून. लाडू तिनं अर्धा मोडला, मोठा तुकडा कुठला ते बघितलं, आणि तो अनिताला दिला.