धुऱ्यापलीकडची फवारणी

२००३ सालचा ऑक्टोबर, रविवार सकाळ. गटाच्या खात्यात शिल्लक ८,६४० रुपये. हजर होते देवळीजवळच्या आमच्या गावातले आम्ही नऊ कापूस उत्पादक, युरोपातून आलेले दोन पाहुणे, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगायला वर्ध्याच्या एका कॉलेजातल्या मॅडम. बैठक माझ्या अंगणात होती, कारण गटाचा हिशेब माझ्याकडे असायचा आणि खुर्च्याही माझ्याकडेच होत्या.

आमचा कापूस बिनविषारी म्हणून युरोपात जायचा. गटाला लागू असलेल्या नियमाप्रमाणे शेतात सलग तीन वर्षं रासायनिक औषध पडता कामा नये. पडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या चार एकरांचं ते तिसरं वर्ष होतं. आधीची दोन वर्षं पीक कमी आलं आणि भाव बाजाराचाच मिळाला. जादा भाव त्या हंगामापासून सुरू व्हायचा होता.

पाहुणे खरेदीदार नव्हते. एक साठीच्या बाई आणि एक तरुण. त्यांच्याकडचे नागरिक पर्यावरणाच्या धोरणासाठी आपल्या सरकारकडे सूचना पाठवत होते. कापूस जिथून येतो तिथल्या लोकांचंही म्हणणं त्यात जावं, म्हणून ते आले होते.

ते यायच्या दोन तास आधी माझा शेजारी दारात आला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. पाठीवर फवारणीचा पंप तसाच होता.

"भाऊ, तुमच्या धुऱ्याकडच्या चार ओळीवर बी मारून देल्लं. पंपात उरलंच होतं. अळी तुमच्याकडंच सरकून राह्यली होती."

"काऊन मारलं?" माझा आवाज चढला.

"काऊन म्हंजे? शेजारी कायले असते मंग? पैसे नोका देऊ."

त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचा भावही नव्हता. आमच्याकडे हे असंच चालतं. वखर जुंपला की शेजाऱ्याच्या दोन ओळी ओढून द्यायच्या, पाणी सुरू असलं की त्याच्या मिरचीला सोडायचं. आम्ही त्याला कधी बैठकीला बोलावलं नव्हतं. आमच्या कापसावर औषध चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला वाटायचं की मला ते परवडत नाही.

मी सायकल काढून शेतात गेलो. पानं अजून ओली होती आणि वास धुऱ्यापासूनच येत होता.

गटातले सर्वांत वडीलधारे म्हणजे काकाजी. बैठकीआधी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे जाऊ दे. चार ओळीचं कोण पाह्यते? आज तोंड उघडलं तर आपल्या सगळ्याइची इज्जत जाईल."

"काकाजी, नऊ जणाचा कापूस एकाच गाडीत जाते. तिकडं तपासणीत निंघालं तर नऊच्या नऊ बाद."

"अन् नाई निंघालं तर?"

इतक्यात पाहुणे आले. बैठक सुरू झाली.

मॅडमनी विचारलं, "नियमात काय बदल व्हावा असं तुम्हाला वाटतं?" कोणी म्हणालं कागदपत्रं कमी करा, कोणी म्हणालं पैसे लवकर द्या. एकानं सांगितलं, "लिवा म्हनाव, पाऊस वेळेवर पाडा." सगळे हसले. मॅडमनी तेही सांगितलं आणि पाहुण्या बाईंनी ते खरोखरच लिहून घेतलं, तेव्हा अजून हसले. मला हसू येईना. काकाजी माझ्याकडे एकटक पाहत होते. तेवढ्यात गोरे पाहुणे पाहायला शेजारीही येऊन फाटकाजवळ टेकला.

मी उभा राहिलो आणि सकाळचं सगळं सांगितलं. मॅडमनी मला हळूच विचारलं, "हे त्यांना सांगू?"

"सांगा."

काकाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पण पाहुण्यांपर्यंत गोष्ट पोचायच्या आत शेजारीच पुढे आला. "म्हंजे मी चोर झालो? माह्या पैशाचं औषध, माही मेहनत, अन् बदनामी बी माहीच?"

"चोर कोण म्हन्ते तुले?" काकाजी ओरडले. "याचे तीन वर्षं पाण्यात घातले तू!"

"मले कोणं सांगतलं होतं? तुमच्या नियमात माहं नाव कुठं हाय?"

मॅडमनी हेही सांगितलं. पाहुण्या बाईंनी लिहिणं थांबवून त्याला विचारलं, नाव असतं तर काय केलं असतं?

तो म्हणाला, "धुऱ्याकडच्या सहा ओळी मी बी न मारता सोडल्या असत्या. पन त्या अळी खाईल. त्याचं कोन भरून देईल?"

आमची सूचना यातून तयार झाली. शेजारी हा नियमाचा भाग असावा. त्यानं धुऱ्याकडच्या ओळी फवारल्या नाहीत तर होणारं नुकसान बिनविषारी माल घेणाऱ्यानं भरून द्यावं. मी ती मराठीत लिहिली, मॅडमनी इंग्रजीत. खाली नऊ सह्या झाल्या. शेजाऱ्यानं सही करायला नकार दिला आणि चहा न घेता गेला.

आठवड्याभरात बिनविषारी मालाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस आला. त्यानं माझे चारही एकर बाद करून पहिल्या वर्षात टाकले. बाकी आठ जणांचा कापूस वाचला, कारण माझा अजून वेचायचाच होता. दिवाळीच्या फराळाचं ताट माझ्या बायकोनं शेजाऱ्याकडे नेलं. ते तिथे ठेवून घेतलं गेलं, पण बोलणं झालं नाही.

उन्हाळ्यात युरोपाहून पत्र आलं. आमची सूचना नागरिकांच्या सूचनांबरोबर सरकारकडे दिली होती. शेजाऱ्याला पैसे देण्याची तरतूद मात्र सध्या कुठेच नव्हती.

काकाजी म्हणाले, "त्यायची नाई तर नाई. आपली करू." ते स्वतः शेजाऱ्याकडे गेले आणि तो बैठकीला आला. त्या पावसाळ्यात त्यानं सहा ओळी सोडल्या. नुकसान किती हे ठरवायला आम्ही त्या सहा ओळींचा कापूस वेगळा वेचून घेतला, त्याच्याच फवारलेल्या सहा ओळींचा वेगळा, आणि दोन्ही एकाच काट्यावर तोलले. फरक ३७ किलोंचा भरला. पंचवीस रुपयांच्या भावानं ९२५ झाले. न मारलेल्या औषधाचे त्याचे वाचलेले ११० वजा करावेत असं मी म्हटलं.

"भाऊ, त्या साली तुमच्या चार ओळीवर मारलेल्या औषधाचे पैसे मी तुमाले मागतले होते का?" शेजारी म्हणाला.

गटातला एकही जण माझ्या बाजूनं बोलला नाही. गटाच्या खात्यातून ९२५ रुपये पूर्ण दिले. ते घेतले शेजाऱ्याच्या बायकोनं, कारण बाराही ओळी तिनंच वेचल्या होत्या.