सहा रंगांचा वाटा

पत्ते म्हटलं का मले मेंढीकोट येते. चार जनं बसा, बावन्न पत्ते पिसा, झालं काम. पन चंद्रपूरले जो खेळ मी शिकाले गेलो, त्यात आपला जुडगा आपनच घरून बनवून न्या लागते. चाळीस पत्त्यांचा. पत्ते शेकड्यानं परकारचे, त्यातले कोनते घ्याचे हे ज्याचं त्यानं ठरवाचं. म्हंजे बसाच्या आंदीच मानूस घरूनच हारून येऊ शकते. हे मले कोनं सांगतलं नाई.

एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सात-आठ पोट्टे जमत. त्यांचा म्होरक्या एक चष्मेवाला भाऊ. दर वाक्याले "बेसिकली" म्हने आन चष्मा नाकावर वर ढकले. नागपूरच्या स्पर्धेले तिघांची टीम न्याची होती, आन त्यातला एक नोकरीले पुण्याले गेलता. भाऊनं सांगतलं, तीन रविवारांत जो नवा एक तरी डाव जिंकन, तो तिसरा.

मले ती जागा पायजे होती. गॅदरिंगले मास्तरांची नक्कल कराले मले सारे बोलावते. पन कबड्डी असो का क्रिकेट, कोनत्याच टीमच्या कागदावर माहं नाव आजवर कोनं लिवलं नाई. राजुऱ्याहून बसनं येऊन मी म्हनूनच त्या खोलीत बसलो होतो.

"बेसिकली खेळ सिंपल आहे," भाऊ म्हने. "दर पाळीला एक ताकदीचा पत्ता टाकायचा. लाल ताकद असेल तर लाल जनावर उतरतं, निळी असेल तर निळं. जनावरांनी समोरच्याचे वीस जीव संपवायचे. झालं."

"झालं?"

"हो. फक्त जनावर उतरलं त्या पाळीत मारत नाही. पण त्यावर 'चपळ' लिहिलं असेल तर मारतं. पण समोर ढाल असेल तर नाही. पण ढाल आडवी असेल तर..."

"भाऊ, ते सिंपल कुठी गेलं?"

पोट्टे हासले. भाऊनं चष्मा वर ढकलला. मी बी ढकलला, नसलेला. पोट्टे अजून हासले. तिथीच माही पयली चूक झाली, पन दुसरी तर मी घरूनच करून आनली होती.

आमच्या घरी पत्त्यांचा भरलेला डबा होता. हैदराबादेत नोकरी करनाऱ्या मामेभावाले या खेळाचा कंटाळा आला, त्यानं डबा मले आन ताईले देल्ला. म्हने, दोघांत घ्या. आता आमी तलावावर मच्छी मारनारे लोक. जाळं ओढलं का पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, वाटे लागते. हरेक वाट्यात मरळ पडली पायजे, रोहू पडला पायजे, थोडे झिंगे बी पडले पायजे. मंग एकजन पाठ करून उभा राह्यते, दुसरा वाट्यावर बोट ठेवून "हा कोनाचा?" इचारते, आन पाठमोरा नाव सांगते. कोनाची तक्रार नाई.

आमी पत्त्यांचं तसंच केलं. सहा रंग होते. हरेक रंगाचे, हरेक जनावराचे एक-एक करून दोन वाटे लावले. माय भितीकडं तोंड करून उभी राह्यली.

"हा कोनाचा?"

"पोराचा. लवकर करा गा, भाजी करपून राह्यली."

तो वाटा उचलून त्यातले चाळीस मी चंद्रपूरले नेले. पयल्या रविवारी हातात लाल वाघ, हिरवा साप, पिवळा गेंडा आले, आन ताकद आली निळी. वाघ उतरवाले लाल ताकद पायजे. लाल आली तवरिक वाघ मेला होता, त्याले भाऊनं हातातच मारलं. हातातला पत्ता मारता येते, हे बी मले तवाच समजलं. दुसऱ्या रविवारी तेच. मी चार डाव खेळलो, चारीत खिडकीतल्या मांजरीसारखा पाहून राह्यलो.

आखरीले भाऊनं माहा जुडगा टेबलावर पसरवला.

"हे काय आहे? सहाही रंग? आणि एकेकच?"

"वाटा हाये भाऊ."

"कसला वाटा?"

मी तलाव, पाळ, मरळ, सारं सांगतलं. एक पोट्टा तर हासता हासता खुर्चीवरून उतरला.

"अरे, एका पत्त्याच्या तीन कॉप्या ठेवता येतात," भाऊ म्हने. "दोन रंग घे, बाकी फेक. तुझे जोडीचे पत्ते कुठे आहेत?"

जोडीचे पत्ते ताईपाशी होते. सारेच्या सारे.

घरी येऊन मी ताईले म्हटलं, "तुहे पत्ते मले दे न वो."

"काऊन? वाटा झाला."

"तो वाटा चुकला."

"मायनं पाठ करून सांगतला, चुकला कसा?"

चुलीपासून मायचा आवाज आला, "वाट्यात हात नाई घालाचा बाप्पा!"

ताई गल्लीतल्या साऱ्यांचे बँकेचे फॉर्म भरून देते. तिच्यासंगं हुज्जत घालनं म्हंजे खिडकीवरच्या बाबूसंगं घालनं. आखरीले तिनंच मार्ग काढला. तीन रंग मी घ्याचे, तीन तिनं. सारे पत्ते, जोडीसकट.

"तुले तीन रंग कायले पायजे?"

"मी बी येऊन राह्यली रविवारी."

तिसऱ्या रविवारी आमी दोघं गेलो. भाऊनं आमच्याकडं पाह्यलं आन सरळ सांगतलं, "दोघं नवे आहात. एकमेकांशी खेळा. जिंकेल त्याची जागा."

मी मनातून खूश. ताई घरी दोनच डाव खेळलेली. माहे दोन्ही लाल वाघ लागोपाठ उतरले, जीवनात पयल्यांदा. ताईचे वीसचे चार जीव राह्यले. ती घाबरन म्हनून मी तिच्याकडं पाह्यलं, तर ती माहाच वाघ उचलून वाचत होती.

"खालचं बारीक वाचलं का बे?"

"काय?"

"हा दर पाळीले हल्ला करतेच. तुले थांबवता येत नाई."

भाऊनं वाचलं. "बेसिकली, ती बरोबर आहे."

ताईनं तीन काटेरी ढाली लावल्या, आदळन ते मरन अशा, आन हात बांधून बसली. माहे वाघ एकापाठोपाठ ढालीवर जाऊन मेले. मीच पाठवले, पाठवाच लागले. त्यावर तिच्या सापांनी माहे जीव पाच पाळींत संपवले. भाऊनं कागदावर ताईचं नाव लिवलं.

"वाईट वाटलं का गा?" ताईनं इचारलं.

"नाई," मी म्हटलं. मले भल्लं वाईट वाटलं होतं.

"जाऊ दे यार," एक पोट्टा म्हने, "भाऊची नक्कल करून दाखव न. ते चष्म्याचं."

भाऊ बी हासून राह्यला होता. साऱ्यांनी खुर्च्या माह्याकडं वळवल्या.

"आज नाई," मी म्हटलं आन मेलेले वाघ गोळा केले. "ताई, पिस. अजून एक डाव."

बारीक अक्षरं वाचत बसलो, एकेक पत्ता, बोट ठेवून. बाजूले ताई म्हने, "बस सुटन बे." मी म्हटलं, सुटू दे.