दत्तूमामांचा जाळ

दत्तूमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत एक पट्टी ओढत होतो. म्हणजे यंत्र ओढत होतं, मी ती तुटायची वाट बघत बसलो होतो. मोटारीच्या दाराला आतल्या बाजूनं जी फळी असते, ती उसाच्या चिपाडापासून करता येईल का, हे शोधण्यासाठी आमची मोटार कंपनी मला गेली काही वर्षं पगार देते. ही पट्टी तसल्याच एका फळीची. फोन ते काम करायचे त्या गुऱ्हाळाचे मालक शिवाजीराव यांचा. “दत्तू गेला. सकाळी च्या प्याला, उठला, आन् परत बसला तो बसलाच.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आमच्या कोल्हापूरकडं वाईट बातमीला फार शब्द लावत नाहीत. तेवढ्यात इकडं पट्टी तुटली आणि किती ताणावर तुटली ते टिपून घ्यायचं राहून गेलं. सहा आठवडे झाले या गोष्टीला. तो आकडा मी नंतर अंदाजानं भरला, हेही इथंच कबूल करून टाकतो, कारण या लेखात कबुल्या बऱ्याच आहेत.

दत्तूमामा नात्यानं माझे कुणी नव्हते; ते पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळात जाळ घालायचे. काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत, रस उकळतो, तिच्याखालच्या चुलवाणात वाळलेलं चिपाड सारत राहायचं, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. गूळ चांगला झाला की नाव रस आटवणाऱ्या गुळव्याचं होतं आणि करपला की जाळ घालणाऱ्याचं, असा तिथला रिवाज. दत्तूमामांच्या हातून आदण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, कधी करपलं नव्हतं. ते स्वतः हे सांगायचे नाहीत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवायचेही नाहीत.

मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, म्हणून मला उसातलं कळतं असा आमच्या साहेबांचा समज झाला. उसाशी माझा संबंध रसाच्या ग्लासापुरता. तरी मी तो समज मोडला नाही आणि ओलावा मोजायचं यंत्र घेऊन गुऱ्हाळावर हजर झालो. यंत्राची सुई मी चिपाडाच्या ढिगात खुपसली, तशी चुलवाणासमोर बसलेल्या माणसानं मान वळवली. “पावणं, ताप आलाय व्हय त्याला?” ही आमची पहिली भेट. मग त्यांनी दोन काड्या कानाजवळ धरून मोडल्या आणि सांगितलं, ह्यो ढीग वाळलाय, त्यो न्हाय. मी दोन्ही ढिगांचे नमुने पुण्याकडच्या आमच्या प्रयोगशाळेत पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं, तेच. तुम्हाला कसं कळतं, असं विचारल्यावर म्हणाले, “बायकूचा राग यंत्र लावून वळखता काय तुमी?” माझं तेव्हा नवीन लग्न झालेलं. यंत्र असतं तर मी लावलं असतं.

ते मला ‘सायेब’ म्हणायचे, पण त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही. पहिल्या हंगामातच त्यांनी बजावलं होतं की चिपाड गरम पाण्यानं धुऊन घ्या, कितीही पिळलं तरी त्यात रस राहतो. मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडं ते भट्टीत तापवून दाबतात, त्यात सगळं जळून जातं. ते “बरं” म्हणाले. मग चिपाडाचं पहिलं दार तयार झालं, ते एका गाडीला बसवलं आणि वरचे साहेब लोक गुऱ्हाळ बघायला आले. मी हौसेनं ती गाडी सकाळपासून गुऱ्हाळाच्या दारातच चिंचेखाली लावून ठेवली होती. जेवणं झाल्यावर साहेबांनी दार उघडलं. काचेच्या फटीपासून हँडलपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, आणि घाईची नव्हती… मुक्कामाला आल्यासारखी होती. एका साहेबांना बसल्यावर चावली, कुठं ते लिहीत नाही. सगळे त्या रांगेकडं बघत असताना दत्तूमामा माझ्या कानाशी आले. “काळजी करू नगा सायेब. इंजिन बंद पडलं तर ह्या वढून नेतील.” तेव्हापासून आम्ही चिपाड गरम पाण्यानं धुतो. अहवालात त्याला ‘पूर्वप्रक्रिया’ असं भारदस्त नाव आहे आणि ती सुचवणारा म्हणून माझं.

त्याच दिवशी साहेब लोक गेल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. समदं चिपाड तुमच्या दारांना गेलं, तर माझ्या चुलवाणात काय घालू? गाडी? मी हसलो. विनोद म्हणून चारचौघांत सांगितलाही. पुढच्या हंगामात गेलो तर काळा धूर लांबूनच दिसला. कंपनी चिपाड घेणार म्हटल्यावर शिवाजीरावांनी चांगलं चिपाड झाकून वेगळं ठेवलं होतं आणि जाळायला जुन्या टायरचे तुकडे आणले होते. दत्तूमामा तोंडाला टॉवेल बांधून बसले होते आणि मधेच उठून बाहेर जाऊन खोकत होते. माझ्यावर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले की गुळाला वास लागतोय, आणि ह्या धुरात मी काय दोन हंगाम काढत न्हाय. “ह्ये तुमच्यामुळं आलंय सायेब. तुमीच घालवा.”

मग मी आमच्या कंपनीतल्या ऊर्जा विभागाच्या दारात जाऊन बसलो. रंगकामाच्या भट्ट्यांत कमी इंधनात जास्त उष्णता कशी मिळवायची, याचा अभ्यास करणारी ही मंडळी. त्यांना चुलवाण दाखवलं. चुलवाणाला खालून हवा देणारा पंखा बसवायचा, आत तापमानाच्या तारा सोडायच्या, म्हणजे निम्म्याशिम्म्या चिपाडात तेवढाच रस उकळेल आणि उरलेलं दारांना मिळेल, असा बेत ठरला. कागदावर तो ऊर्जा आणि आमचा पदार्थसंशोधन या दोन्ही विभागांचा जोडप्रकल्प झाला. दत्तूमामांच्या लेखी तो टायर घालवायचा पंखा होता. शिवाजीरावांनी स्पष्ट सांगितलं, पंखा नीट चालला तर टायर बंद, एक जरी आदण बिघडलं तर पंखा भंगारात. आठवडाभर पंखा छान चालला. दुपारपर्यंत संपणारा ढीग संध्याकाळी शिल्लक राहू लागला. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ढीग दाखवायचे, जणू त्यांच्या शेतातच पिकलाय.

आठव्या दिवशी आप्पा चौगुल्यांचा ऊस होता. आप्पा म्हणजे पंचक्रोशीतले जुने जैन शेतकरी, गुळाच्या रंगाबद्दल सोनारासारखे चिकित्सक. दुपारी तीनचा सुमार असेल. रस आटून घट्ट होत आला, गुळव्यानं हात वर केला, म्हणजे आता जाळ थांबवा. मामांनी चिपाड सारायचं थांबवलं, पण पंखा चालूच होता आणि त्याचं बटण अंगणात मांडलेल्या माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी.

“सायेब, बंद करा.”

माझ्या पडद्यावर तापमानाची रेघ चढत होती. तिचा माथा मिळाला की माझा तक्ता पुरा होणार होता.

“दोनच मिनिटं, मामा.”

“आवं, करपंल. बंद करा की.”

मी हात वर करून त्यांना थांबवलं. चुलवाणासमोर उभा जन्म काढलेल्या माणसाला मी हातानं थांबवलं… अजून तो हात आठवतो. रेघेचा माथा मला मिळाला. काहील उतरवेपर्यंत गूळ काळा पडला होता आणि जळका वास अंगणभर झाला होता.

आप्पा धावत आले. कुणी केलं हे, म्हणून त्यांनी विचारलं. गुळव्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामांकडं. मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, निदान मला तसं वाटायला आवडतं. त्याआधी दत्तूमामा उठून उभे राहिले.

“आप्पा, जाळ माझा हुता. माझं ध्यान चुकलं.”

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले की दत्तू, तू चुलवाणावर हायेस तवर माझा ऊस हितं यायचा न्हाय. आणि तो आला नाही. तीन हंगाम त्यांच्या ट्रॉल्या या गुऱ्हाळासमोरून पुढच्या गुऱ्हाळाला गेल्या. गूळ बाजारातही त्यांनी ते सांगितलं. चौगुल्यांचं आदण दत्तूनं जाळलं, हे वाक्य हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी मामांजवळ गेलो आणि म्हटलं, आप्पांना खरं सांगून येतो. त्यांनी मला खाली बसवलं. आज सांगितलं तर पंखा आजच भंगारात जाईल, म्हणाले. माणूस चुकला तर माणसाला शिव्या देतात, यंत्र चुकलं तर उचलून फेकतात. “पंखा जरा रुळू दे. मग सांगा.” बटण तेवढं त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावरून काढून स्वतःच्या बसायच्या जागेशी लावून घेतलं. त्यानंतर एकही आदण करपलं नाही. महिनाभरात टायरचे तुकडे ट्रकमध्ये भरून परत गेले. पंखा रुळला. आता आसपासच्या बऱ्याच गुऱ्हाळांनी तो बसवलाय. दारं अजून बाजारात यायची आहेत, पण त्यांना मुंग्या लागत नाहीत.

मी मात्र सांगितलं नाही. पहिल्या वर्षी प्रकल्पाची मुदत वाढायची होती. दुसऱ्या वर्षी मला बढती मिळायची होती. तिसऱ्या वर्षी वाटलं, आता जुनं झालं, लोक विसरले असतील. आप्पांची ट्रॉली समोरून जायची तेव्हा दत्तूमामा चुलवाणात जरा जास्तच वाकायचे. ते मला दिसत होतं. एकदाच म्हणाले होते, तेही माझ्याकडं न बघता, “पंखा रुळला न्हवं, सायेब?” मी पंख्याबद्दल बोलत राहिलो. चांगला चाललाय, म्हणालो.

बाराव्याला गेलो. पत्र्याच्या मांडवात पंगत बसली होती आणि समोरच्या रांगेत आप्पा चौगुले. मी पान सोडून त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बटण माझ्या हातात होतं, मामांनी दोनदा बंद करायला सांगितलं, मी केलं नाही. आप्पांचा घास हातातच राहिला.

“आता सांगताय व्हय?”

त्यांनी घास पानात परत ठेवला.

“मला एकट्याला कशापाय सांगताय? मी बाजारात बोललोय. हुभं ऱ्हावा, आन् हितं समद्यास्नी सांगा.”

मी उभा राहिलो. परिषदांतून भाषणं केलेला माणूस मी, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शेवटी जसं घडलं तसं सांगितलं. वाढणारे थांबले. गुळव्या मान खाली घालून बसला होता. दत्तूमामांची बायको, पारूमामी, आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, “मी म्हनत हुते त्यास्नी, सांगून टाका. तर म्हनायचे, सायेब सांगतील की.” आणि आत गेली.

गेल्या आठवड्यात शिवाजीरावांचा पुन्हा फोन आला. आप्पांचा ऊस येतोय, या. पोचलो तेव्हा दोन ट्रॉल्या उतरत होत्या. चुलवाणावर आता मामांचा पुतण्या असतो. आप्पा त्याच्या शेजारीच ठाण मांडून उभे होते, बघणाऱ्याला वाटावं पहारा देतायत. मी नेहमीच्या सवयीनं आत शिरायला लागलो, तसा त्यांनी मला हात वर करून थांबवलं.

“सायेब, तुमी जरा लांबच हुभं ऱ्हावा.”

मी चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. तिथून चुलवाण दिसत नाही, धुराडं तेवढं दिसतं. धूर पांढरा होता. आदण उतरेपर्यंत मी तो बघत राहिलो.