एकशेपाचचा कंडेन्सर

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, परभणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं आणि माझी पहिली नोकरी नव्या कॉम्प्युटर क्लासात. क्लासात कॉम्प्युटर एकच. ऐन उन्हाळ्यात त्याचा मॉनिटर बिघडला. पडद्यावरच्या ओळी चेपून एकमेकींत घुसल्या. माझ्या आठ पोरींची परीक्षा आठवड्यावर आलेली. ती झाली नाही तर क्लास बंद, असं मालकांनी बजावलं. म्हणजे माझी नोकरीही गेलीच.

दादांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. मॉनिटर उघडून म्हणाले, हा तर आपला टीव्हीच, फक्त गाणी म्हणत नाही. आतला एक कपॅसिटर वाळला होता. दुकानात त्याला कंडेन्सरच म्हणायचे. मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवायचं माप, तेवढंच ठेवायचं, व्होल्ट मात्र चढते घ्यायचे, हा दादांचा शिरस्ता. आमच्याकडची वीज कधी उसळेल याचा नेम नव्हता. त्यांनी डब्यातला एक निवडून बसवला. ओळी सरळ झाल्या आणि दादा मिशीतल्या मिशीत हसले.

चार दिवसांत ओळी पुन्हा चेपल्या. मी फणकारले, नको ते बोलले. दादांनी काढून ठेवलेला जुना कंडेन्सर चष्म्याजवळ धरून वाचला. त्यावर एकशेपाच अंश लिहिलं होतं, म्हणजे तेवढ्या तापात टिकणारा. त्यांनी बसवलेला पंच्याऐंशीचा, तोही पत्र्याखाली कित्येक उन्हाळे शिजलेला, आणि जागा नेमकी तापणाऱ्या पट्टीला खेटून. "व्होल्ट बघितले, ताप बघायचा राहिला," एवढंच म्हणाले.

एकशेपाचचा हैदराबादला मिळायचा आणि परीक्षा परवावर आली होती. तसा एक आमच्या घरच्या टीव्हीत होता, दादांनीच हौसेनं आणून बसवलेला. त्या टीव्हीसमोर ते रोज सातला बातम्यांना बसत. विद्यापीठाच्या नामांतराची बातमी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

त्यांनी टीव्ही उघडायला घेतला तसा मी हात धरला. नेमकी आजच बातमी आली तर?

"येऊ दे की, माय. नामांतर झालं तर सारा मोहल्ला सांगंल मला. तुझ्या पोरींची परीक्षा परवाच हाय."

मॉनिटरमध्ये तो कंडेन्सर उंच पडला, झाकण बसेना. त्यांनी तो पट्टीपासून लांब आडवा निजवला आणि आईच्या गोधडीच्या दोऱ्यानं बांधला.

परीक्षा पार पडली त्या संध्याकाळी मी धावतच घरी आले. सात वाजले होते. दादा सवयीनं बंद टीव्हीसमोर बसले होते.

"बस माय," ते सरकून म्हणाले. "सांग, काय बातमी?"

मी आठही पोरींची नावं घेऊन सांगू लागले.