उजव्या हाताचा खेळ
काल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा जळका वास आला आणि बाबांच्या आजारपणातली एक दुपार आठवली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर "मी काय पोर आहे?" म्हणून त्यांनी तो भिरकावून दिला. मुंबईत नोकरीला असताना त्यांना व्हिडिओ गेमचा भारी नाद होता, म्हणून मी आणि भावाने टेबलावर मावेल असं गेमचं खोकं घरीच बनवायला घेतलं. खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या ठोकल्या आणि मोडक्या लॅपटॉपचा स्क्रीन आणि आतले चालू भाग बसवले. विकत आणली ती फक्त जॉयस्टिक आणि बटणं; त्यांच्या तारा घरीच सोल्डरिंग करून जोडल्या. जॉयस्टिक मुद्दाम उजवीकडे लावली. पडवीत खोकं सुरू केलं, स्क्रीनवर विमानं उडाली, बाबा खूश झाले, पण डावा हात आडवा घालूनच खेळायला लागले. आमची सगळी मेहनत फुकट. तेवढ्यात आई आली, शेजारी बसली आणि तिने त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला. "सोड गो, पोरं बघतायत," बाबा पुटपुटले. "बघू देत. तुम्ही खेळा." त्यांची उजवी बोटं कशीबशी जॉयस्टिकवर चढली, थरथरली, आणि विमान जरासं सरकून लगेच आपटलं. दोघंही हसले, पण हात काही तिने सोडला नाही. त्याआधी मी त्या दोघांना असं हात धरून बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. आता बाबा उजव्या हाताने जेवतात, आणि दुपारी आई शेजारी येऊन बसल्याशिवाय खेळ सुरू करत नाहीत.