एका पानाचा रिपोर्ट

माझ्या नोकरीचं वर्णन माझा नवरा एका वाक्यात करायचा: 'ही बटणं दाबते आणि कागद येतो.' तो कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दिवसभर पॅनेलसमोर बसायचा, तेव्हा बटणांबद्दल त्यानं बोलावं हाच विनोद होता. पण कागद येतो, एवढं खरं होतं. आणि आमच्या कंपनीत माझ्यासारखा कागद दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हता, हेही खरं होतं. मी हे तेव्हाही म्हणायची, आजही म्हणते. नम्रपणा मला कधी फारसा जमला नाही.

लग्नानंतर, नव्वदीच्या मध्यावर, मी सांगलीहून कुवेतच्या अब्बासिया वस्तीत आले आणि वर्षभरात राई नावाच्या भागातल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. पुढे शोरूम, मागे वर्कशॉप. हॉस्पिटलांना यंत्रं विकायची आणि बिघडली की दुरुस्त करून द्यायची, हा धंदा. तक्रार फोनवर यायची, कुणीतरी ती भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं आणि कुणीतरी चहाचा कप हातात घेऊन बोलता बोलता खांद्यानं पुसून टाकायचं. मग नवं शतक लागलं आणि मालकांनी परदेशातून सॉफ्टवेअर आणलं. आता प्रत्येक तक्रारीची 'केस' झाली, तिला नंबर मिळाला आणि कुठल्या केसवर कुणाचा किती वेळ गेला तेही त्यात भरायचं ठरलं. रिपोर्ट म्हणे आपोआप तयार होणार होते.

ते आपोआपचे रिपोर्ट पाहून हसावं की रडावं कळेना. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या देशात सुट्टी शनिवार-रविवारची. आमची सुट्टी शुक्रवारी आणि गुरुवारी अर्धा दिवस. त्यामुळे आमचं अख्खं वर्कशॉप दर शुक्रवारी गैरहजर आणि दर शनिवार-रविवारी ओव्हरटाइमला आलेलं दिसायचं. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात, तेव्हा तर झाडून सगळे कामचुकार ठरले. आमचे मॅनेजर केरळचे, स्वभावानं सज्जन आणि भित्रे. ते म्हणाले, कंपनीला पत्र लिहू, तोवर असंच चालू दे. मला असंच चालू देणं जमत नाही. मी मॅन्युअल घरी नेलं, भाजी निवडता निवडता वाचलं आणि रिपोर्ट स्वतः घडवायची सोय त्यात कुठे लपवली आहे ते शोधून काढलं. आठवडा शनिवारी सुरू केला, रमजानचे तास वेगळे लावले, नको ते रकाने काढून टाकले. शुक्रवारच्या खान्यात पहिल्यांदा 'सुट्टी' असं छापून आलं तेव्हा मी तो कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. त्यानं मान डोलावली आणि जेवायला काय आहे विचारलं.

वर्कशॉपमधली बहुतेक माणसं कोकणातली, एकटी राहणारी. त्यांचे मुख्य म्हणजे काका. मालवणकडचे, पन्नाशीचे, कुठलंही यंत्र उघडलं की आधी त्याच्याशी थोडं पुटपुटणारे. मला ते चेडवा म्हणायचे, म्हणजे मुली. या मंडळींची एक खोड होती. यंत्र दुरुस्त झालं की ते कुणाला सांगायचेच नाहीत. यंत्र चालतंय, नर्स खूश आहे, मग सांगायचं काय? आपण काम केलं हे आपणच बोलून दाखवणं त्यांना चक्क लाजेचं वाटायचं. आणि सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय केस बंद होत नाही. त्यामुळे केव्हाच मिटलेल्या तक्रारीही उघड्या दिसत राहिल्या आणि त्यांच्या गर्दीत खरोखरच अडलेली कामं कुठली ते कळेना.

मी काकांच्या मागे भुणभुण लावली. रोज दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसायची आणि एकेकाला विचारून केस बंद करायची. काकांनी खरी अडलेली कामं वेगळी काढली आणि स्वतः हॉस्पिटलांत जाऊन ती संपवली. महिन्यामागून महिना आकडा उतरत गेला. मला तर तो उतरता आकडा पाहून भूक जास्त लागायची.

त्याच सुमारास मालकांनी एक इच्छा सांगितली. मालकांना सगळे मुदीर म्हणत. वयस्कर कुवेती गृहस्थ, इंग्रजी सहज बोलणारे, पण इंग्रजी कागद दिसला की बाजूला सारणारे. मला आकड्यांची चटई नको, एका पानावर चित्र द्या, असं त्यांनी मॅनेजरांना सांगितलं. मी चित्र केलं. प्रत्येक महिन्याला एक खांब, महिनाअखेर जितक्या केस उरल्या तितकी त्याची उंची. पहिला खांब छपराला टेकलेला, शेवटचा जेमतेम गुडघ्याएवढा. खाली बारीक इंग्रजी अक्षरात महिन्यांची नावं. इतकं देखणं पान मी तोवर काढलं नव्हतं. मॅनेजर ते घेऊन वर गेले.

आणि परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मुदीर म्हणाले होते की वर्कशॉप महिन्यागणिक बिघडत चाललंय. आता ते बंद करून दुरुस्तीचं काम बाहेर द्यावं. काकांचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, त्याच महिन्यात संपत होता. तो कागद मुदिरांनी सही न करता बाजूला ठेवला होता. इकामा नाही म्हणजे परतीचं विमान. काकांची धाकटी मुलगी गावाकडे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळे आकडे पुन्हा तपासले. एकही चुकला नव्हता. ज्या कामाचा मला इतका गर्व, तेच पान काकांना घरी पाठवणार होतं, आणि का ते मला कळत नव्हतं. काकांना मी काही बोलले नाही. ते समोर एका सक्शन मशीनशी पुटपुटत बसले होते. मी मॅनेजरांना सांगितलं, उद्या वर जाल तेव्हा मी बरोबर येणार. ते नको म्हणाले. मी म्हणाले, येणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदिरांच्या खोलीत आम्ही दोघं उभे. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि ते पान टेबलावर पसरलं. मग आवाज न चढवता समजावू लागले की हे बघ, सुरुवातीला किती कमी होतं, आणि मग हे वाढत गेलं. बोलताना त्यांचं बोट पानाच्या उजव्या टोकाला टेकलं आणि तिथून डावीकडे सरकत गेलं. गुडघ्याएवढ्या खांबापासून छपरापर्यंत.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. जन्मभर उजवीकडून वाचणारा माणूस चित्रही उजवीकडूनच बघणार. आणि जन्मभर डावीकडून वाचणारी मी ते डावीकडूनच काढणार. शुक्रवारची सुट्टी मला सुचली होती, हे सुचलं नव्हतं. शेजारी मॅनेजरांनी मला गप्प राहण्याची खूण केली. त्यांनाही आता दिसलं होतं, आणि मालकांना तुम्ही उलटं वाचलंत म्हणायचं कसं, या विचारानं त्यांना घाम फुटला होता.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मुदीर, हे पान मी माझ्या बाजूनं काढलंय. दुपारच्या नमाजापर्यंत वेळ द्या, तुमच्या बाजूनं काढून आणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग नुसती मान हलवली.

खाली येऊन मी पदर खोचला. महिन्यांचा क्रम उलटा लावला, आकड्यांची पट्टी डावीकडून उचलून उजवीकडे नेली. अरबी नावांवर मात्र सॉफ्टवेअर अडून बसलं, अक्षरं एकमेकांना जोडेचना, सुटी सुटी पडत होती. आमचा इजिप्तचा मंदूब सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद घेऊन फिरायचा. तो नेमका त्या वेळी ऑफिसात होता. त्याला धरून बसवला, त्याच्याकडून प्रत्येक महिन्याचं नाव त्याच्या अरबी कॉम्प्युटरवर लिहून घेतलं आणि ती नावं चित्र म्हणून एकेका खांबाखाली चिकटवली. बांग झाली तेव्हा प्रिंटरमधून पान बाहेर येत होतं.

नमाजानंतर मुदिरांनी ते हातात घेतलं. बोट उजवीकडे टेकलं, छपराशी. महिन्यांची नावं पुटपुटत ते हळूहळू डावीकडे उतरत आले आणि शेवटच्या खांबावर थांबले. मी इतकी ताठ बसले होते की माझी पाठ दुखायला लागली.

"इथपर्यंत कोणी आणलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणू शकले असते की मी. थोडं ते खरंही होतं, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी उठून खिडकीशी गेले आणि खाली वर्कशॉपच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथं काका उकिडवे बसून एक पंप धूत होते.

मुदिरांनी बाजूला ठेवलेला कागद ओढला, सही केली आणि उठले. पांढरेशुभ्र कपडे सावरत ते जिना उतरून वर्कशॉपमध्ये गेले. मी मागोमाग. काका गडबडून उभे राहिले. हाताला ग्रीस, म्हणून त्यांनी मनगट पुढे केलं. मुदिरांनी मनगट बाजूला सारून त्यांचा हातच हातात घेतला, शुक्रन म्हणत आभार मानले आणि निघून गेले. काका आपल्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"चेडवा, मालकान माझो हात कित्याक धरलो गो?"

मी माझी रोजची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काका," मी म्हणाले, "त्यांनी तुमचं काम वाचलं."