बाटल्यांचं कपाट
परवा लेकीच्या दप्तरात दोन दिवस तशीच राहिलेली पाण्याची बाटली उघडली आणि त्या उबट प्लास्टिकच्या वासाने बऱ्याच वर्षांपूर्वीचं एक कपाट आठवलं. बालविकास आणि कुटुंब अभ्यासाची पदवी घेऊन मी गावी परतले, तेव्हा ‘हे शिकून करतात काय?’ असं जो तो विचारायचा. म्हणून देवगडातल्या एका खाजगी बालवाडीत नोकरी लागल्यावर बाबांनी वाडीभर गुळाचं गोड खाजं वाटलं. पहिल्याच दिवशी संचालिकाबाईंनी मुलांच्या बाटल्या गोळा करून कपाटात कोंडल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. “पोरां पाणी पितत नि मुततत. मगे ता पुसतलो कोण? घराक जाताना दी.” बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, बंदरावरून सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. अकराच्या सुमाराला तीन वर्षांची एक पोर माझी ओढणी धरून म्हणाली, “बाई, माका तान लागली.” मी संचालिकाबाईंकडे पाहिलं. त्या दारात एका पालकांना शुद्ध मराठीत सांगत होत्या, “आमची मुलं बघा, एकदाही जागा ओली करत नाहीत.” मी त्या पोरीला गाणं म्हणायला बसवलं. थोड्या वेळाने ती दिसली ती पायरीजवळच्या पाय धुवायच्या बादलीत तोंड घालून. दुसऱ्या दिवशी शिसारी येऊन मी नोकरी सोडली, हे मी सगळ्यांना ताठ मानेने सांगते. पण तिला बादलीपासून ओढून काढल्यावरही, शाळा सुटेपर्यंत ती किल्ली माझ्याच मुठीत होती, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.